एचडीपीई पाइपलाइन: चर बुजवण्याआधी आणि पाणी सोडण्याआधी काय काय तपासावं

एका गावच्या नळयोजनेतल्या ११० मिमीच्या एचडीपीई (जास्त घनतेचं पॉलिथिलीन, काळं प्लास्टिक) लाइनचं टेस्टिंग मी स्वतः उभं राहून घेतलं होतं. ९ किलोला चढवली, काटा शहाण्यासारखा वागला, मी सही केली. आठ महिन्यांनी तीच लाइन ऐन उन्हाळ्यात एका जॉइंटवर सुटली. उकरून पाहिलं तर पाइप कुठेच फाटला नव्हता. दोन्ही तोंडं पाटीसारखी सपाट, गुळगुळीत, वर थोडी चमक. जॉइंटभोवतीचं बीड, म्हणजे वितळून बाहेर आलेल्या प्लास्टिकची कड, मात्र दृष्ट लागावी इतकं देखणं. याला थंड जॉइंट म्हणतात. प्लास्टिक वरवर चिकटलेलं असतं, एकजीव झालेलं नसतं.

दाबाची चाचणी त्या दिवशीची गळती पकडते. जॉइंट किती वर्षं टिकेल हे ती सांगत नाही. म्हणून खाली टेस्टिंगपेक्षा टेस्टिंगच्या आधीच्या गोष्टींवर जास्त लिहिलं आहे. हिशेबासाठी सगळीकडे एकच उदाहरण घेतो: ५०० मीटर लाइन, ११० मिमी, पीई १०० (प्लास्टिकचा ग्रेड), एसडीआर १७ (जाडीचं प्रमाण, पुढे येतंच), म्हणजे पीएन १० (१० किलो झेलणारा दाबवर्ग), चालू दाब ६ किलो. किलो म्हणजे साइटच्या भाषेतला दर चौरस सेंटिमीटरला किलो. साधारण १० मीटर पाण्याची उंची.

१. ट्रक आला की

आधी पाइपवरची छापील ओळ वाचा. आयएसआय मार्क, आयएस ४९८४ (या पाइपांचं भारतीय मानक), ग्रेड, व्यास, दाबवर्ग आणि बॅच नंबर. हा बॅच नंबर कंपनीच्या टेस्ट सर्टिफिकेटवर सापडला पाहिजे. सर्टिफिकेट एका बॅचचं आणि ट्रकमध्ये माल तिसऱ्याच बॅचचा, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता आश्चर्यही वाटत नाही.

मग जाडी मोजायचा व्हर्नियर काढा. एसडीआर म्हणजे बाहेरचा व्यास भागिले भिंतीची जाडी. आपल्या पाइपची जाडी कुठेही ६.६ मिमीपेक्षा कमी भरता कामा नये. एकाच जागी मोजून समाधान मानू नका. तोंडाभोवती सहा-आठ ठिकाणी मोजा. एका बाजूला ७.२ आणि समोरच्या बाजूला ६.१ असा पाइप सरासरीत पास होतो, पण जमिनीखाली सरासरी कामाला येत नाही. मीटरभर तुकडा कापून वजन केलं तर ते २ किलो किंवा किंचित वर यावं. तो तुकडा पाण्यात टाका. पॉलिथिलीन पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे तरंगायलाच हवं. बुडाला तर आत खडूची पूड कोंबलेली आहे, ट्रक परत पाठवा. तरंगला म्हणून माल चांगला ठरत नाही, हेही तितकंच खरं. काळा रंग देणारं कार्बन ब्लॅक २.५ टक्के, अर्धा टक्का इकडे-तिकडे असावं लागतं. उन्हापासून पाइपला तेच वाचवतं. ते मात्र प्रयोगशाळेतच कळतं.

ओरखड्यांचा नियम सोपा आहे. जाडीच्या दहा टक्क्यांपेक्षा खोल ओरखडा असेल तर तेवढा भाग कापून टाकायचा. आपल्या पाइपला ही मर्यादा ०.६६ मिमी, म्हणजे जवळपास नखाच्या जाडीइतकी. ट्रकमधून पाइप ढकलून देणाऱ्या हमालांना हे आधीच सांगितलेलं बरं.

२. जॉइंट: खरी परीक्षा इथे

५०० मीटरला १२ मीटरचे पाइप धरले तर चाळीसेक जॉइंट येतात. लाइनचं सगळं भवितव्य त्या चाळीस गोल रेषांवर. दोन पाइपांची तोंडं तापलेल्या प्लेटवर वितळवून एकमेकांवर दाबायची, की झाला जॉइंट. यालाच बट जॉइंट म्हणतात.

रोज सकाळी पहिला जॉइंट टाकाऊ तुकड्यांवर करून घ्या. मशीन, जनरेटर आणि ऑपरेटर तिघेही जागे आहेत का, ते त्यात कळतं. तो गार झाला की त्यातून बोटभर रुंदीच्या चार पट्ट्या लांबीच्या दिशेने कापा आणि जॉइंट मधोमध येईल अशा धरून दोन्ही टोकं एकमेकांना भिडेपर्यंत वाकवा. चांगला जॉइंट मुकाट वाकतो. थंड जॉइंट काडकन सुटतो, आणि सुटलेल्या तोंडावर ती पाटीसारखी चमक दिसते. एकदा पाहिली की विसरत नाही.

आता प्रत्यक्ष जॉइंटवेळी कुठे लक्ष ठेवायचं ते.

तासणी. कटरमधून दोन्ही पाइपांची सलग फीत निघाली पाहिजे. तुकडे पडत असतील तर तोंड अजून सपाट झालेलं नाही. तासून झालं की आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या पांढऱ्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसायचं, आणि त्यानंतर हात लावायचा नाही. 'जरा बघतो गुळगुळीत आहे का' म्हणून अंगठा फिरवला की घामाचं तेल लागलंच. पुन्हा तासा.

जुळणी. दोन्ही तोंडं समोरासमोर आणून पाहा. खालीवर फरक जाडीच्या दहा टक्क्यांच्या आत हवा.

ओढ. मोकळा पाइप नुसता पुढे सरकायलाच मशीनला किती दाब लागतो ते गेजवर वाचा आणि जोडणीच्या दाबात मिळवा. दर जॉइंटला ही ओढ वेगळी असते, कारण मागे कधी एक पाइप लटकलेला असतो, कधी पाच. हा आकडा न मिळवता काम केलं की बीड येतं, पण आत पुरेसा दाब पोचलेलाच नसतो.

तापवणं. प्लेटचं तापमान २०० ते २२० अंश सेल्सिअस. डिजिटल आकड्यावर विसंबू नका, वेगळ्या थर्मामीटरने प्लेटच्या दोन्ही अंगांना चार-चार जागी मोजा. आमची पोरं या प्लेटला तवा म्हणतात आणि ते बरोबरच आहे. तवा नीट तापला नाही तर भाकरी वरून भाजलेली दिसते आणि आत कच्ची राहते. आपल्या जाडीला आधी दाब देऊन सगळीकडून १ मिमी बीड येऊ द्यायचं, मग दाब जवळजवळ शून्यावर आणून साधारण ६६ सेकंद नुसतं तापू द्यायचं. मिलिमीटरला १० सेकंद, असा हिशेब. या वेळात दाब तसाच ठेवला तर वितळलेलं प्लास्टिक बाहेर ढकललं जातं आणि जोडायला काही उरत नाही.

प्लेट काढणं. सगळ्यात नाजूक क्षण हाच. प्लेट निघाल्यापासून तोंडं भिडेपर्यंत ५ ते ६ सेकंद, बस. मोबाइलचं स्टॉपवॉच लावून मोजा. ऑपरेटर चिडतात, चिडू द्या. घाटमाथ्यावर वारा सुटलेला असताना या पाच सेकंदांत वितळलेल्या तोंडावर साय धरते आणि थंड जॉइंट तयार होतो. ताडपत्रीचा आडोसा करा आणि पाइपांची लांबची तोंडंही बंद ठेवा, नाहीतर वारा पाइपातूनच येतो. आमच्या त्या सुटलेल्या जॉइंटमागे वाराच असणार, असा माझा अंदाज आहे.

गार होणं. क्लॅम्पमध्ये, दाबाखाली, निदान ९-१० मिनिटं. पाणी ओतायचं नाही. संध्याकाळी घाई झाली की बादली हळूच पुढे येते, म्हणून दिवसाचे शेवटचे दोन जॉइंट मी कायम उभा राहून बघतो.

गार झाल्यावर बाहेरचं बीड खास कटरने अख्खं काढून घ्या. हातभर काळी फीत निघते. ती उलटी करून खालची बाजू बघा: मधली रेष स्वच्छ आहे का, धुळीचा कण किंवा भोक आहे का? मग ती जागोजागी मागे वाकवा. मध्ये चीर उघडली तर जॉइंट बाद. बीड काढल्याने पाइप कमजोर होतो अशी समजूत आहे, ती खोटी. भिंतीला धक्का न लावता काढलं की झालं. प्रत्येक फितीवर मार्करने जॉइंट नंबर, तारीख आणि ऑपरेटरचं आद्याक्षर लिहून ती पिशवीत ठेवा. तोच नंबर पाइपवरही.

व्हॉल्व्हपाशी किंवा अडचणीच्या जागी इलेक्ट्रोफ्यूजन कपलर येतो, म्हणजे विजेने तापून दोन्ही पाइपांना चिकटणारी बाही. तिथे चुकायची जागा एकच: खरवडणं. पाइपच्या अंगावर हवेने एक मेलेला थर धरलेला असतो. तो साधारण ०.२ मिमी खोल, स्क्रॅपरने पूर्ण काढायचा. सॅंडपेपर चालत नाही, तो घाण आत घासतो. पाइपवर आधी मार्करने आडव्यातिडव्या रेघा मारा. सगळ्या रेघा गेल्या म्हणजे खरवडणं झालं. मग क्लॅम्प लावून, बारकोड वाचून, मशीन सांगेल तितका वेळ थांबायचं.

३. चरात

तळाला बारीक मुरूम किंवा वाळू, दगड नाही. काळ्या मातीत तर भरावाला तीच माती वापरू नका. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाइपला सोबत ओढते. पाइप झाकायचा, पण जॉइंट आणि फिटिंग टेस्टिंग होईपर्यंत उघडी ठेवायची. उलट सगळाच पाइप उघडा ठेवलात तर उन्हात तो वळवळतो आणि चाचणीचे आकडेही बिघडवतो.

वळवळतो म्हणजे किती? एचडीपीई दर अंशाला दर मीटरमागे ०.२ मिमी लांबतं. दुपारच्या उन्हात जोडलेली ५०० मीटर लाइन रात्री २० अंशांनी निवली तर २ मीटर आखडायला बघते. म्हणून पाइप चरात किंचित नागमोडी सोडायचा आणि शेवटची जोडणी पहाटे करायची. दुपारी जोडून घरी गेलेल्या एका मिस्त्रीला सकाळी व्हॉल्व्हचा फ्लॅंज तिरका झालेला सापडला होता. त्याला वाटलं कोणीतरी खोडसाळपणा केला.

४. टेस्टिंगची तयारी

टोकं एंड कॅप किंवा ब्लॅंक फ्लॅंजने बंद करा. बंद व्हॉल्व्हवर टेस्टिंग घेऊ नका. व्हॉल्व्ह किंचित गळाला तर दोष लाइनच्या माथी बसतो. ९ किलो दाबाला ११० मिमीच्या कॅपवर साधारण ८५० किलो जोर येतो. मागे भक्कम आधार हवा, आणि कॅपच्या समोर कोणीही उभं राहायचं नाही. थ्रस्ट ब्लॉक (पाइपला टेकू देणारे काँक्रीटचे ठोकळे) असतील तर काँक्रीटला निदान सात दिवस द्या.

गेज कुठे लावायचा यावर आपल्या डोंगराळ भागात बरेच घोळ होतात. गेज सर्वांत खालच्या टोकाला. टाकी टेकाडावर, गाव ४० मीटर खाली, आणि टाकीशी गेज लावून ९ किलो चढवले तर गावात पाइपवर १३ किलो बसतात. पीएन १० पाइपला ते भारी पडतं. गेज ० ते १६ किलोचा, कॅलिब्रेशनचा दाखला असलेला, आणि दोन. एकाच गेजवर भांडण झालं तर ते मिटत नाही.

पाणी खालच्या टोकाकडून हळूहळू भरा, वरचे एअर व्हॉल्व्ह उघडे ठेवून. आपल्या लाइनच्या आतल्या व्यासात मीटरला ७.३६ लिटर मावतं, म्हणजे ५०० मीटरला साधारण ३,६८० लिटर. मीटर लावून किंवा टँकरवरून मोजा. चारशे-पाचशे लिटर कमी गेलं असेल तर तितकी हवा आत कोंडली आहे. भरलेली लाइन रात्रभर तशीच ठेवा.

पाणी नाही म्हणून कॉम्प्रेसरने हवेचं टेस्टिंग करू का, असं विचारणारे भेटतात. नाही. पाणी दाबलं तर जवळजवळ आकसत नाही, त्यामुळे जॉइंट सुटला तर फवारा उडून दाब लगेच शून्यावर येतो. दाबलेली हवा स्प्रिंगसारखी साठून असते. सुटली तर पाइप चराबाहेर फेकला जातो. माणसं यात मेली आहेत.

५. टेस्टिंग

'साहेब, काटा पडतोय!' पंपावरचा मुलगा दर वेळी ओरडतो. पडू दे. एचडीपीई लोखंडासारखं ताठ नसतं. दाब दिला की ते तासन्‌तास हळूहळू फुगत राहतं, आतली जागा वाढते आणि एक थेंबही न गळता दाब उतरतो. लोखंडी पाइपाची पद्धत इथे लावली तर चांगली लाइन नापास होते, किंवा मग पोरं गुपचूप पंप मारत राहतात आणि गळकी लाइन पास होते. दोन्ही मी पाहिलंय. ईएन ८०५ या युरोपीय मानकात यावर नेमकी तोड दिलेली आहे. तुमच्या टेंडरमध्ये कोणती पद्धत आणि किती दाब लिहिलाय ते आधी वाचाच. मी तिथली अट पाळून शिवाय हीही चाचणी घेतो.

काम पहाटे सुरू करा. पाइप तापला की त्याची ताकद उतरते. २० अंशाला १० किलो झेलणारा पाइप ४० अंशाला सतत ७.४ किलोच झेलतो.

आधी लाइन तासभर बिनदाबाची सोडा. मग दहा मिनिटांच्या आत ९ किलोवर न्या, म्हणजे चालू दाबाच्या दीडपट. अर्धा तास पंप मारत ९ वर टिकवा. या वेळात उघड्या जॉइंटवरून एक फेरी मारा, हाताने चाचपत. मग पंप बंद, आणि एक तास फक्त वाचन, दर दहा मिनिटांनी. काटा उतरेल. तासाअखेर ६.३ च्या वर असेल तर पुढे जा. ३० टक्क्यांहून जास्त उतरला तर इथेच थांबा; गळती आहे, किंवा पाइप तापलाय.

आता खरी युक्ती. कॉक उघडून दाब झटक्यात १.२ किलोने खाली आणा आणि बाहेर येणारं पाणी मापाच्या बादलीत धरा. आपल्या लाइनमधून, पाइपचा ताठपणा ६५० मेगापास्कल धरून, सुमारे १२ लिटरच्या आत पाणी यायला हवं. वीस-पंचवीस लिटर आलं तर आत हवा आहे, टेस्टिंग बाद. लाइन रिकामी करून पुन्हा भरा. हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि मग हवेने भरलेल्या लाइनच्या वाचनावर वाद घालत बसतात.

दाब झटक्यात घटवल्यामुळे फुगलेला पाइप आता आकसायला लागतो. कॉक बंद करून अर्धा तास काटा पाहा. लाइन धड असेल तर तो थोडा वर सरकतो, किंवा स्थिर राहतो. पंपाला हात न लावता काटा वर जाताना पाहून नवे ज्युनियर इंजिनियर चक्रावतात. काटा खाली येत असेल तर गळती. शंका असेल तर वाचन ९० मिनिटांपर्यंत न्या. गाठलेल्या सर्वांत वरच्या आकड्यापासून पाव किलोपेक्षा जास्त उतरता कामा नये.

नापास झाली तर लगेच पुन्हा दाब चढवू नका. ताणलेल्या पाइपला पूर्ववत व्हायला वेळ लागतो. दाब काढून रात्रभर सोडा. शोध फिटिंगपासून सुरू करा: एंड कॅप, फ्लॅंजचं रबर, व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीची पॅकिंग (ग्लॅंड), घरोघरच्या नळजोडणीसाठी पाइपवर बसवलेले सॅडल. बट जॉइंट सगळ्यात शेवटी. कानाला दांडा लावून गळती ऐकायची जुनी कला इथे फारशी चालत नाही, प्लास्टिक आवाज पुढे नेत नाही. त्यापेक्षा लाइन मधोमध तोडून अर्धी-अर्धी तपासा.

६. धुणं आणि क्लोरीन

आधी वेगाने पाणी सोडून माती, तासणीच्या प्लास्टिकच्या फिती, कधी बेडूकही, बाहेर काढा. मग लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीनच्या हिशेबाने लाइन भरून २४ तास ठेवा. ३,६८० लिटरला १८४ ग्रॅम क्लोरीन लागतं. २५ टक्के ताकदीची ब्लीचिंग पावडर असेल तर पाऊण किलो. पावडर बादलीत कालवून वरचं निवळ पाणीच वापरा, गाळ लाइनमध्ये नको. हे पाणी ओढ्यात सोडू नका, मासे मरतात. मोकळ्या जमिनीवर जिरवा. पुन्हा धुतल्यावर शेवटच्या नळाचा नमुना प्रयोगशाळेत द्या. १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय अजिबात नको. नेहमीच्या पुरवठ्यात त्या नळाला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा.

७. कागद

प्लास्टिकचा पाइप लोखंड शोधणाऱ्या यंत्राला सापडत नाही. भराव टाकताना पाइपसोबत तांब्याची तार आणि वर हातभर अंतरावर निळी पट्टी टाका, नाहीतर पुढच्या वर्षी जेसीबीच लाइन शोधून देईल. वळणं, व्हॉल्व्ह, जॉइंट यांची मापं पक्क्या खुणांपासून घ्या. बांध आणि बाभूळ या पक्क्या खुणा नव्हेत. टेस्टिंगच्या तक्त्याची आणि जॉइंटच्या वहीची एक प्रत ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीकडे द्या, कारण ठेकेदार जातो, साहेब बदलतो, समिती गावातच असते.

सुरुवातीला सांगितलेल्या लाइनला अशी वही नव्हती. जॉइंट सुटल्यावर पहिला प्रश्न हा होता की त्या दिवशी, त्याच ऑपरेटरने, त्याच वाऱ्यात आणखी कोणते जॉइंट केले? कोणालाच सांगता येईना. शेवटी आजूबाजूचा अडीचशे मीटरचा पट्टा उकरून एकवीस जॉइंट कापले आणि पट्ट्या करून वाकवल्या. सतरा मुकाट वाकले. चार काडकन सुटले.